बेअर ग्रिल्स, तुमच्या नावाच्या चाकूचं काय करायचं?

प्रिय बेअर ग्रिल्स,

पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीत नव्याने भटकू लागलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या नावाचा चाकू घ्यावा का? आमच्या ग्रुपमध्ये वयाने मोठा असल्यामुळे उत्तराची जबाबदारी माझ्यावर येते. पण हा प्रश्न खरं तर तुमच्याकडेच यायला हवा. मुठीवरची 'बी' आणि 'जी' ही अक्षरं तुमची आहेत, माझी नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. पॅराशूटच्या अपघातात पाठीचा कणा मोडलेला माणूस 1998 मध्ये, वयाच्या 23व्या वर्षी एव्हरेस्टवर उभा राहतो, त्याला जिद्द शिकवायला मी कोण? 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' या तुमच्या टीव्ही कार्यक्रमाच्या चित्रीकरणात तुम्ही काही रात्री हॉटेलात काढल्या म्हणून 2007 मध्ये गदारोळ झाला, त्याचंही मला काही वाटलं नाही. कॅमेरावाल्यांनाही झोप लागतेच. माझं भांडण फक्त त्या चाकूशी आहे.

प्रसिद्ध माणसाच्या नावावर पातं विकण्याची सुरुवात तुम्ही केलेली नाही, हेही मान्य. 1827 मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटाजवळ झालेल्या मारामारीत जिम बोवी नावाच्या माणसाने चाकू चालवला, वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं आणि पुढची कित्येक वर्षं इंग्लंडमधल्या शेफिल्डचे कारागीर 'बोवी नाइफ' बनवून अमेरिकेला पाठवत राहिले. अमेरिकन गिऱ्हाइकाला आवडतील अशी घोषवाक्यंही त्यांनी पात्यावर कोरली. गंमत अशी की खुद्द बोवीच्या हातातला चाकू नेमका कसा दिसत होता यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. नाव विकलं गेलं, वस्तू मागाहून घडवली गेली. 1982 साली 'फर्स्ट ब्लड' हा रॅम्बोचा सिनेमा आला आणि पोकळ मुठीच्या रॅम्बो चाकूंनी तोच खेळ पुन्हा मांडला. सिनेमातला चाकू आर्कान्सासच्या जिमी लाइल यांनी हाताने घडवला होता. बाजारात आल्या त्या नकला, त्यांच्या मुठी पहिल्याच दणक्यात पात्याची साथ सोडायच्या.

तुमचा 'अल्टिमेट' चाकू त्या नकलांपेक्षा नक्कीच बरा आहे. तो बनवणारी गर्बर ही 1939 पासूनची कंपनी, गाव पोर्टलंड, आता मालकी फिनलंडच्या फिस्कर्सची. चाकू बाजारात आला तेव्हा किंमत साठेक डॉलर होती, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबाने अव्वाच्या सव्वा नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत मात्र ती एखाद्या विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खाणावळीच्या बिलाला भिडते. एवढ्या पैशांत काय मिळतं? 4.8 इंचांचं पातं, त्याची अर्धी धार दातेरी, मुठीच्या टोकाला ठोकायला धातूची टोपी, म्यानाला ठिणगी पाडायची कांडी, धार लावायला हिऱ्याच्या कणांची पट्टी, दोरीला शिट्टी आणि जगण्या-वाचण्याच्या सूचनांची एक घडीची पुस्तिका. पोलाद 7सीआर17एमओव्ही जातीचं. या नावातच त्याची कुंडली आहे: साधारण 17 टक्के क्रोमियम, कार्बन पाऊण टक्क्याच्या आतबाहेर. चिनी बनावटीचं, गंजाला दाद न देणारं, दगडावर चटकन धार घेणारं आणि तितक्याच चटकन ती घालवणारं. वाईट मुळीच नाही. स्वस्त चाकूंना शोभेल असं पोलाद आहे, एवढंच.

आता ती दातेरी धार पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. ओल्या दिवसांत चूल पेटवायची तर गावातला माणूस वाळक्या काडीच्या अंगावर पातळ ढलप्या काढतो, त्या तोडून टाकत नाही, काडीलाच कुरळ्या लटकत ठेवतो आणि त्यांना आग लावतो. हे काम करताना हाताकडे बघा. काडी छातीशी किंवा गुडघ्याशी टेकवलेली, मनगट ताठ, आणि पात्याचा जो भाग लाकडात शिरतो तो अगदी मुठीजवळचा, कारण जोर आणि ताबा दोन्ही तिथेच मिळतात. टोकाकडच्या धारेने ढलपी काढायला गेलात की पातं डुगडुगतं आणि ढलपी मध्येच तुटते. तुमच्या चाकूत नेमक्या या मुठीजवळच्या जागेवर दाते आहेत. दोरखंड कापायला ते झकास, पण लाकूड ते ओरबाडतात. शिवाय ते बोथट झाले की साध्या दगडाला दाद देत नाहीत आणि सोबत दिलेली ती हिऱ्याची सपाट पट्टीही त्यांच्या खाचांत शिरत नाही. म्हणजे चाकूची सर्वांत कामाची जागा दिखाव्याला गेली.

याच्या शेजारी स्वीडनचा मोरा ठेवतो. प्लॅस्टिकची मूठ, प्लॅस्टिकचं म्यान, दिसायला भाजी चिरायच्या सुरीचा थोरला भाऊ. पंधरा-वीस डॉलरना मिळणाऱ्या साध्या 'कंपॅनियन'चं पातं जेमतेम अडीच मिलिमीटर जाड, आणि ते मुठीच्या शेवटापर्यंतही जात नाही. ज्या गोष्टीवरून चाकूशौकीन रात्र रात्र वाद घालतात, ती त्यात नाहीच. तरीही कॅनडाचे मोर्स कोचान्स्की, ज्यांच्याकडून दोन पिढ्यांनी रानात राहायची विद्या घेतली, ते अशाच मोराची शिफारस करत. मुठीपासून टोकापर्यंत सलग, साधी, सरळ धार. बाकी काही नाही.

महाग चाकू म्हणजे लूट, असं मी म्हणत नाही. तुमच्याच देशातले रे मेअर्स यांचा 'वुडलोर' चाकू घ्या. ॲलन वुड यांनी एकेक करून घडवलेला, ओ1 जातीच्या हत्यारी पोलादाचा, किंमत काहीशे पौंड, आणि त्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मला तो परवडणार नाही, पण पैसे कशाचे हे कळतं: एका माणसाच्या हातांचे आणि त्याच्या वेळेचे. मेअर्स स्वतः तोच आराखडा वापरून लोकांना शिकवत आले. तिथे नाव वस्तूच्या मागून आलं.

तुमच्या नावाच्या हत्यारांमधला 'पारंग' मात्र मला खटकतो. मलय मुलखातला आणि बोर्निओतला शेतकरी पिढ्यानपिढ्या जो पारंग वापरतो, तो आमच्या कोकणातल्या कोयत्याचा सख्खा चुलतभाऊ. झाडी तोडा, नारळ सोला, कुंपणाचे खुंट तासा. आमच्याकडे लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करतो, ठोकून वाकवतो आणि पाणी देतो ते फक्त धारेच्या बाजूला. पाठ मऊच ठेवतो, म्हणजे घाव बसला की पातं तडकत नाही. मूठ सैल झाली तर मालक परसातलं लाकूड तासून दुसरी बसवतो. कमरेमागे आकडीत अडकवलेला असा कोयता बापाकडून मुलाकडे जातो. 2012 मध्ये गर्बरला तुमच्या नावाचा पारंग अमेरिकेच्या बाजारातून परत मागवावा लागला. कारण? पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथेच ते कमजोर होतं, वापरताना तुटून इजा होण्याचा धोका होता. कुठलाही गावठी लोहार सर्वांत आधी जी जागा बघतो, तीच!

दोष तुम्ही घडवला नाही, हे कळतं. पण एखादं पोर तुमच्या नावाचा पारंग घेतं ते गर्बरवर विश्वास ठेवून नव्हे.

आणि आमच्या मुलांना या सगळ्याची गरज किती? हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत. तिथे लाकूड तोडणं, जाळ करणं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा विचार आमचे शस्त्र नियम वेगळा करतात. त्यातून शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना सूट आहे. तुमच्या पारंगचं पातं 13 इंचांहून लांब आहे. शहरातल्या पोराच्या सॅकेत ते सापडलं तर शेतीचं अवजार म्हणून कोण मान्य करेल, हा प्रश्न मी पोलिसांवर सोडतो. डोंगरात चाकूने होणारी आमची कामं म्हणजे कांदा-टोमॅटो चिरणं, खिचडीची पाकिटं फोडणं, दोरीचं टोक कापणं, फार तर पायाला बांधायला कापडाची पट्टी काढणं. तीन इंचांचं घडीचं पातं पुरून उरतं.

सह्याद्रीत माणूस अडकतो तो वेगळ्याच कारणांनी. धुक्यात वाट चुकते, निसरड्या कातळावर पाय सटकतो, उन्हात पाणी संपतं, फोटोच्या नादात कड्याच्या टोकावर जाणं होतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर आणि स्ट्रेचर घेऊन धावतात ते अशांसाठीच. अशा वेळी तुमच्या संचातली एकच गोष्ट खऱ्या अर्थाने जीव वाचवू शकते: ती शिट्टी. ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टी फुंकायला मात्र अंगात फारसं बळ लागत नाही, आणि तिचा तीव्र आवाज वारा-पावसातही हाकेपेक्षा दूर पोचतो.

म्हणून काही मागण्या. पुढच्या वेळी चाकूवर तुमची अक्षरं जेवढी मोठी असतील, तेवढ्याच मोठ्या टाइपात पाकिटावर पोलादाची जात आणि बनावटीचा देश छापायला लावा. चीन लिहायला लाज वाटायचं कारण नाही. चांगले चाकू तिथेही बनतात. कॅमेरा नसताना तुम्ही स्वतः कोणता चाकू खिशात ठेवता, तेही एकदा सांगा. तो तुमच्या नावाचा नसेल तर अधिकच सांगा. तुमच्या कार्यक्रमात धबधब्यावरून उतरायला जेवढा वेळ देता त्याच्या निम्मा वेळ एकदा दगडावर धार लावण्याला द्या. पातं किती अंशांत धरायचं, किती दाबायचं, धार आली हे नखावर कसं ओळखायचं, हे सगळं दाखवा. कॉर्बेटच्या जंगलात तुम्ही आमच्या पंतप्रधानांसोबत फिरलात तो भाग 12 ऑगस्ट 2019 ला दाखवला गेला तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर होता. ज्यांचं लक्ष असं मिळतं त्यांच्याकडून ही पाच मिनिटं मागणं काही जास्त नाही.

आणि ती शिट्टी सुटी विका. तिच्यावर तुमचं नाव हवं तेवढं ठळक घाला, माझी हरकत नाही. एक मी घेईन आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला घ्यायला लावीन.

आपला,
सह्याद्रीतला एक भटक्या