दयेचा अर्ज आणि पीडितांचा हक्क

1996 साली नाशिकमध्ये उघडकीस आलेले बालहत्याकांड महाराष्ट्र विसरलेला नाही. गावित भगिनींनी गर्दीतून उचललेली मुले बहुतांशी गोरगरिबांची होती. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली फाशी कायम केली, राष्ट्रपतींनी 2014 साली दयेचा अर्ज फेटाळला. तरीही जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला फाशीची जन्मठेप करावी लागली. कारण अर्जाच्या निकालास सात वर्षे दहा महिने लागले होते. या दिरंगाईचा ठपका न्यायालयाने राज्य शासनाच्या यंत्रणेवर ठेवला.

दयेचा अधिकार घटनेनेच दिलेला आहे आणि तो असलाच पाहिजे. सूड म्हणजे न्याय नव्हे. प्रश्न निराळा आहे. फाईल टेबलावरून टेबलावर रखडत असताना त्या मुलांच्या आईबापांना हे कळविण्याची जबाबदारी कोणाची होती?

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 472 राष्ट्रपतींचा निर्णय 48 तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि तुरुंग अधीक्षकांना कळवावयास सांगते. पीडितांचा तेथे उल्लेखही नाही. याच संहितेच्या कलम 360 अन्वये खटला मागे घेताना मात्र पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. खटला सोडताना ज्याला विचारायचे, त्याला शिक्षा सोडताना साधे कळवायचेही नाही, ही विसंगती होय. बिल्किस बानो खटल्यातील अकरा जणांना 2022 साली मुक्त करण्यात आले, तेव्हाही आपल्याला कोणी विचारले नाही, असे त्या पीडितेला जाहीरपणे सांगावे लागले.

सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर राबणारा, भाड्याच्या खोल्या बदलत जगणारा कामगार अशा वेळी काय करणार? फिर्यादीतील त्याचा पत्ता दहा वर्षांनी खोटा ठरतो. मंत्रालयात चौकशीला जावे तर दिवसाचा रोज बुडतो. वकील ठेवू शकणाऱ्याला बातमी मिळते. बाकीच्यांना आरोपी नाक्यावर दिसला की निकाल कळतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पुण्याच्या एका खटल्यात दयाअर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष स्थापावेत असा आदेश दिला. या कक्षाच्या जोडीला सरकारी वकिलावर स्पष्ट कर्तव्य सोपवावे : पीडितांचा पत्ता अद्ययावत ठेवणे, अर्ज आल्याचे व त्याच्या निकालाचे मराठीत लेखी कळविणे आणि त्यांचे निवेदन, आरोपीच्या बाजूच्या गोष्टींसह, फाईलवर ठेवणे. पीडिताला नकाराधिकार नको. परंतु त्याला अंधारात ठेवून दाखविलेली दया ही दया राहत नाही, ती केवळ सरकारी मर्जी ठरते.