पाऊस नेमका कधीचा?

मृग जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या शेतकरी ग्रुपांवर पावसाचे मेसेज सुरू होतात. कृषी विद्यापीठाचा सल्ला, खासगी अंदाज, कुणीतरी बोलून टाकलेला व्हॉइस, सगळं एकाच रांगेत. 'उद्यापासून चांगला पाऊस' एवढ्या भरवशावर सोयाबीनची बॅग फोडली जाते. हा 'उद्या' कोणत्या तारखेचा, ते मात्र व्हॉट्सॲप सांगत नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजवर दिसते ती आपल्याला पाठवल्याची वेळ. मूळ मेसेज कधीचा, याचा पत्ताच नसतो.

गेल्या खरिपात जिंतूर रस्त्यावरच्या एका कृषी सेवा केंद्रात एक काका असाच व्हॉइस कानाला लावून ऐकत होते. "काका, कधीचा हाय हा?" विचारलं, तर त्यांनी स्क्रीनवरची वेळ पुढे केली. "आत्ताच आलाय की. आजचाच." मेसेजवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरत आलेला. तिचा अर्थ विचारला. काका म्हणाले, "लई जणांनी पाठवलाय. म्हंजी खरंच असंल."

सावध करण्यासाठी लावलेली खूण इथे खात्रीचा शिक्का म्हणून वाचली जाते, आणि यात काकांचा काहीही दोष नाही. जी खूण वापरणाऱ्याला उलटी कळते, ती आखणाऱ्याने बदलायची असते. इथे चूक झाली तर किंमत दुबार पेरणीची आहे. बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा, आणि तेही बहुधा उसनवारीवर.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतंय, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, वर तारीख ठळक असते. पण ग्रुपवर फिरताना कुणीतरी मधल्या चार ओळीच उचलतो आणि तारीख मागे राहते. व्हॉइसमध्ये तर बोलणाऱ्याने उच्चारली नाही तर ती नसतेच.

ॲप बदलता येत नाही, हे मला मान्य नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. देशभर अशा हत्या होत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. एप्रिल २०२०मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. बटणाची जागा बदलली की माणसांचं वागणं बदलतं. पण ते बटण हलायला माणसं मरावी लागली, हे विसरता येत नाही.

मग मूळ तारीख का दाखवत नाहीत? गोपनीयतेची अडचण सांगितली जाईल. पण मेसेज किती वेळा पुढे गेला याची मोजणी आजही मेसेजसोबतच, कुलूपबंद प्रवास करते. कंपनीलाही ती दिसत नाही. तशीच तारीख जाऊ शकते. तारखेवरून पाठवणाऱ्याचं नाव कळत नाही. कॉपी-पेस्ट करणाऱ्यापुढे हा उपाय लंगडा पडेल, ते खरं. व्हॉइस मात्र कॉपी-पेस्ट होत नाही, आणि आपल्याकडे व्हॉइसच जास्त ऐकला जातो.

असा बदल करण्याआधी पालम, सोनपेठ, गंगाखेडच्या पारावर बसून बघावं लागेल. 'ॲप आवडलं का?' विचारलं तर आपला माणूस पाहुण्याला 'चांगलंय' असंच म्हणणार. हातात मेसेज देऊन 'यातला पाऊस कधीचा?' असं विचारलं पाहिजे.

त्यासाठी कंपनीची वाट बघायचीही गरज नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे कृषिदूत आणि कृषिकन्या दर खरिपात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात असतात. माती परीक्षण, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं ते घेतातच. विद्यापीठाने त्यांच्या कामात आणखी एक भर घालावी. एकच जुना अंदाज दोन तऱ्हांनी दाखवायचा, एकावर मूळ तारीख, दुसऱ्यावर नाही, आणि कोण काय समजलं ते लिहून घ्यायचं. त्या वह्या कंपनीकडे पाठवाव्यात. आणि तोवर विद्यापीठाच्या प्रत्येक व्हॉइसचं पहिलं वाक्य तारखेचं असावं. हे येत्या मंगळवारपासून करता येईल.