खारीचा वाटा

‘भरवशाचा’ हा मराठीतला फार गरीब शब्द आहे. कोणीही यावं आणि त्याला कामाला जुंपावं. भरवशाचा दूधवाला, भरवशाचा ज्योतिषी, भरवशाचं स्थळ! परंतु ह्या शब्दाचे जे हाल मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका बंदुकांच्या दुकानात पाहिले, तसे आमच्याकडच्या प्लॉट विकणाऱ्यांनीसुद्धा कधी केले नसतील.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ बंदुकांच्या दुकानात कशाला गेला? रास्त प्रश्न आहे. माझा शस्त्रास्त्रांशी आलेला संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता, आणि तेही बहुतेक वेळा थोरल्या भावाच्या हातात असे. पण आमचा भाचा वीस वर्षं तिकडे आहे. नागरिक झाला आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत खड्या आवाजात आरत्या म्हणतो, आणि शरद ऋतू आला की परवाना खिशात घालून खारींच्या शिकारीला जातो. त्यासाठी त्याने रीतसर वर्ग केला, परीक्षा दिली. (माझ्या बहिणीला ह्यातलं काही ठाऊक नाही. ती माझं लिखाण वाचत नाही, ह्या एका गोष्टीवर मात्र मी डोळे मिटून भरवसा ठेवतो.)

त्याला शिकारीसाठी बावीस बोअरचं स्वस्त आणि भरवशाचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं, आणि घासाघीस करायला देशावरचा माणूस बरोबर असावा म्हणून मामाला नेलं. तिथे गेल्यावर कळलं, की पर्यटक म्हणून आलेल्या माणसाने शिकारीचा परवाना नसताना बंदूक हातात धरणं हा त्यांच्याकडे गुन्हा आहे. तेव्हा पुढचा तास मी दोन्ही हात पाठीशी बांधून, वधूपरीक्षेला आलेल्या सासऱ्यासारखा काउंटरपाशी उभा होतो.

विक्रेत्याने एक रिव्हॉल्व्हर ठेवलं. काउबॉयच्या सिनेमातलं असतं तस्सं. मुठीवर झेंडा रंगवलेला. म्हणाला, “भरवशाचं आहे. दरवेळी उडतं.”

इथे माझा आणि त्याचा वाद सुरू झाला, तो माझ्या बाजूने अजून संपलेला नाही.

उडतं! अहो, टिकल्यांचं पिस्तूलही उडायचंच की! रिव्हॉल्व्हरने उडावं ही त्याची नोकरीची किमान अट झाली. सही करता येणाऱ्या कारकुनाला कोणी विद्वान म्हणत नाही. आणि न उडण्याचा दोष बहुधा रिव्हॉल्व्हरचा नसतोच. ह्या बावीसच्या काडतुसाला बुडाशी करंजीच्या मुरडीसारखा काठ असतो आणि पेट घेणारा मसाला त्या काठात भरलेला असतो. घोडा पडतो तो काठावर. ज्या जागी तो पडला तिथे मसाला पोचलेला नसला, की बार फुसका. करंजी करणारणीला हे समजावून सांगायला नको. रिव्हॉल्व्हरची मजा अशी, की फुसकं निघालं तर नळी सुरक्षित दिशेला रोखून थोडं थांबायचं, घोडा पुन्हा अंगठ्याने ओढायचा, चक्री फिरते आणि पुढचं काडतूस हजर होतं. स्वयंचलित पिस्तुलासारखं अडकलेलं काडतूस उपसत बसावं लागत नाही. तेव्हा उडण्याच्या बाबतीत ही स्वस्तातली मंडळी बरीच बरी आहेत, हे मी मान्य करतो.

माझा प्रश्न वेगळाच आहे. भरवशाचं म्हणजे कोणाच्या भरवशाचं? विकत घेणाऱ्याच्या, की झाडावर बसलेल्या खारीच्या?

हसू नका. भाच्याने आदल्या वर्षीची एक हकिगत मला रात्री जेवणं झाल्यावर, बायको माडीवर गेल्यावर सांगितली. त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर असंच स्वस्त होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. दरवेळी उडायचं. पंधरा पावलांवर ओकच्या फांदीवर खार बसली होती. ह्याने डोक्यावर नेम धरला. डोकं केवढं, तर लिंबाएवढं. बार उडाला, आणि गोळी लागली मागच्या पायाला. खार पडली, फरफटत गेली आणि बुंध्याच्या ढोलीत शिरली. आत हात पोचेना. हा तासभर तिथे उभा होता. आतून आवाज येत होता तोवर, आणि नंतरही. मग त्याने घरी येऊन कागदावर गोळ्या मारून पाहिल्या. रिव्हॉल्व्हर दोन इंच डावीकडे आणि खाली मारत होतं. हे त्याने आधी पाहिलंच नव्हतं. कारण काय, तर ‘भरवशाचं’ होतं ना!

दोन इंच म्हणजे काय हो? शिंप्याने बाही दोन इंच आखूड केली तर आपण चारचौघांत ओरडतो. इथे त्या दोन इंचांत मरण आणि हाल एवढा फरक आहे.

ह्या स्वस्त जातीत नळीच्या टोकावर एक माशी असते आणि मागे सांगाड्यातच कोरलेली खाच. दोन्ही जागच्या जागी ठाम. गोळी खाली जात असेल तर माशी कानशीने घासून नेम वर आणता येतो, पण डावीकडे जात असेल तर सामान्य माणसाने काय करायचं? उजवीकडे पाहून मारायचं! शेजारचे एक म्हातारबुवा म्हणाले, “मी पन्नास वर्षं तसंच मारतो.” मारत असतील. आमच्या आजोबांचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं आणि त्यांची गाडी कधी चुकली नाही. पण म्हणून नव्या माणसाला दुकानदाराने मागे पडणारं घड्याळ विकावं का?

ह्याच काउंटरवर दुसरीही वस्तू होती. रूगर कंपनीने 2019 साली रँगलर नावाचं साधं, ठाम खाचेचं सहाबारी काढलं, तेव्हा त्याची जाहीर किंमत 249 डॉलर होती. 2023 साली त्याचाच थोरला भाऊ, सुपर रँगलर, 329 डॉलरला आला. त्याचा सांगाडा पोलादी, आणि मागची खाच स्क्रूने वरखाली, डावी-उजवी सरकवता येणारी. फरक ऐंशी डॉलरांचा. बरोबर मॅग्नम काडतुसांसाठी जादा चक्रीही मिळते. तिचं कौतुक मला पातेल्यावर फुकट मिळणाऱ्या चमच्याइतकंच आहे. माझा जीव त्या स्क्रूवर आहे.

भाचा म्हणाला, “मामा, ऐंशी डॉलर वाचतायत. शिवाय झेंडा!”

मी म्हटलं, “वाचतायत खरे, पण भरणार कोण? रामाने सेतू बांधताना खारीने वाळूचे कण वाहिले, म्हणून आपण खारीचा वाटा म्हणतो. इथे तू तिच्याकडूनच ऐंशी डॉलरांचा वाटा वसूल करतोयस.”

तो गप्प झाला. तिथल्या करड्या खारींच्या पाठीवर पट्टे नसतात. रामाचा हात तिथवर गेला नसावा. पण आमच्या महाराष्ट्राने शेकरूला राज्यप्राणी केलं आहे, म्हणजे नात्याने ती आमच्या राजघराण्यातली लागते. मारूच नये, असं माझं मत आहे. पण ते तिथे कोणी विचारलं नव्हतं, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल त्या काउंटरपर्यंत पोचत नाही. मारणारच असशील तर एका गोळीत मार, एवढंच मी मागत होतो.

स्क्रू घेतला म्हणजे झालं असंही नाही. एकाच रिव्हॉल्व्हरातून एका कंपनीचं काडतूस एकीकडे जातं, दुसरीचं दुसरीकडे. जावयासारखं असतं, कोणाचं काय गोड लागेल सांगता येत नाही. म्हणून तीन-चार कंपन्यांचे पन्नास-पन्नास काडतुसांचे खोके आणायचे, एक पसंत करायचं, मग स्क्रू लावायचा आणि पुन्हा त्या काडतुसाशी प्रतारणा करायची नाही. दुकानदार हे सांगत नाही. तो मुठी दाखवतो. झेंड्याची मूठ, हस्तिदंती दिसणारी मूठ, कवटीची मूठ. खारीला मूठ दिसत नाही हो!

शेवटी भाच्याने स्क्रूवालं घेतलं. घासाघीस एका सेंटचीही झाली नाही. मराठी माणसाने तिकडे दुकानात घातलेला हा पहिलाच वाद असेल, ज्यात जास्त पैसे गेले. मी अट घातली : पंधरा पावलांवर, लिंबाएवढ्या ठिपक्यात सहाच्या सहा गोळ्या बसेपर्यंत जंगलात पाऊल टाकायचं नाही. दिवसाला सहा खारी मारायची मुभा तिथला कायदा देतो, आणि चक्रीत घरंही सहाच. हा हिशेब विक्रेत्याने मोठ्या उत्साहाने सांगितला होता. मी म्हटलं, आधी कागदावर जमव.

दर शनिवारी तो नेमबाजीच्या मैदानावर जातो आणि भोकं पडलेल्या कागदी बशा घेऊन येतो. मी चष्मा लावून मोजतो. परवा सहात चार होत्या. त्या वेळी व्हरांड्याच्या कठड्यावर एक लठ्ठ करडी खार, पाखरांसाठी टांगलेले सूर्यफुलाचे दाणे दोन्ही हातांनी खात बसली होती. भाच्याने तिच्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि म्हणाला, “मामा, ही पाचवी काठाला लागलीय. धरायची का?”

“नाही,” मी म्हटलं.