तियाउ नदीचा भाव



मागच्या सुट्टीत पुण्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय होता पूर्व सीमेवरचं बेकायदा स्थलांतर. समोर बसलेले बहुतेक निवृत्त अधिकारी, त्यांतले दोन-तीन तर अकादमीत आम्हाला शिकवलेले. चार निबंध वाचले गेले. चारही निबंधांत नकाशे होते, लाल बाण होते, लोकसंख्येचे तक्ते होते. पैसा मात्र एकाही निबंधात नव्हता. माणूस सीमा ओलांडतो तेव्हा कोण किती घेतं, ते पैसे पुढे कुठे जातात आणि आपण वाट अडवली की त्या हिशेबाचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

चहाच्या वेळी मी हे एका सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "अरे, ते अर्थशास्त्रवाल्यांचं काम. आपलं काम सीमा राखायचं."

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो, हे चूक आहे. सरकारी धोरणावर बोलायचा मला अधिकार नाही आणि इथे मी ते करणारही नाही. माझं भांडण आपल्या अभ्यासाशी आहे. तसला निबंध मीही एका कोर्ससाठी लिहिला होता. चांगले गुणही मिळाले होते.

त्यानंतर माझी नेमणूक मिझोरमच्या चंफाई भागात झाली.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भारत आणि म्यानमारच्या मधे तियाउ नदी आहे. नदी म्हणायची, पण पाऊस सरला की बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाणी. अलीकडे झोखावथर, पलीकडे खावमावी. दोन्हीकडे एकाच रक्ताची माणसं. मिझो लोक गमतीने म्हणतात, आमचं सगळ्यात मोठं तळं परदेशात आहे. ते तळं म्हणजे रिह दिल. त्यांच्या जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा त्याच तळ्यावरून पुढे जातो. म्हणजे मेल्यावरसुद्धा सीमा ओलांडावी लागते!

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली आणि चिन प्रांतातून माणसं येऊ लागली. पुढे मिझोरममधला आकडा तीस हजारांच्या वर गेला. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर हे सगळे फक्त परदेशी नागरिक. त्यांना भात वाढला तो गावांनी, चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने. मिझोंची यामागची आठवण जुनी आहे. मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर बॉम्ब पडले त्या काळात याच डोंगरांतली कितीतरी माणसं जीव वाचवायला पलीकडे गेली होती. ते उपकार आज फेडले जात होते.

आता माझी गोष्ट. एका उन्हाळ्यात माझ्या हद्दीतल्या एका उतारावर आम्ही सहा आठवडे कडक गस्त लावली. ये-जा थांबली. मी अहवालात लिहिलं, ‘बेकायदा प्रवेश जवळपास शून्य.’ वरून शाबासकी आली.

गावात चहाचं दुकान चालवणाऱ्या एक पी होत्या. पी म्हणजे आपल्याकडच्या बाई किंवा आजी. माझा मिझो हवालदार दुभाष्या होता. त्या सहज म्हणाल्या, "का पू, तुम्ही उतार बंद केला ते ठीक. पण वाटाड्या आधी माणशी हजार घ्यायचा, आता तीन हजार घेतो. वरच्या जंगलातून आणतो ना."

त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये एक नऊ वर्षांचा मुलगा भेटला. एकटाच होता. बापाकडे एकाच माणसापुरते पैसे होते, म्हणून त्याने पोराला अनोळखी वाटाड्याच्या हातात दिलं आणि स्वतः पलीकडे थांबला. त्याला यायला अकरा दिवस लागले. पैसे उसने मिळाले तेव्हा आला. तेवढे दिवस ते पोर हॉलच्या दारात बसून होतं. माझ्या अहवालात त्या अकरा दिवसांसमोर शून्य लिहिलेलं आहे.

आणि त्याच दिवसांत बर्मी सुपारीची पोती बाजारात येतच होती. त्यांचा भाव मालाच्या किमतीत धरलेला असतो, त्यामुळे पोती अडत नाहीत. अडतो तो खिशात पैसे नसलेला बाप.

माझ्या निबंधात नव्हतं ते हे. वाट अडवली की ये-जा संपत नाही, महाग होते. महाग झाली की घरचा मामा किंवा शेजारी वाटाड्या म्हणून परवडत नाही, तिथे धंदेवाला येतो. धंदेवाल्याला वाटेवर बंदूकवाल्याची परवानगी लागते. बंदूकवाला कर घेतो आणि त्या करातून आणखी बंदुका घेतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे समजवायला नको. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात बाटली कोण पोचवत होतं आणि काय भावाने, हे तिथल्या कुणालाही विचारा.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर नायजर घ्या. सहारा वाळवंटाच्या कडेला अगादेझ नावाचं शहर आहे. लिबियाकडे जाणाऱ्यांना गाडीत बसवून नेणं हा तिथला उघड, कर भरून चालणारा धंदा होता. युरोपच्या दबावाखाली २०१५ मध्ये तिथे कायदा झाला, ड्रायव्हर तुरुंगात गेले, गाड्या जप्त झाल्या. उरलेल्यांनी विहिरी असलेला रस्ता सोडला आणि खोल वाळवंटातून, गस्त चुकवत जाऊ लागले. माणसं वाटेत तहानेने मेली. पर्यायी रोजगाराची आश्वासनं फार थोड्यांपर्यंत पोचली. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि नोव्हेंबरमध्ये एका फटक्यात तो कायदा रद्द केला. शहराने आनंद मानला. आठ वर्षांचं युरोपचं काम एका सहीने पुसलं गेलं.

तुर्कस्तानची तऱ्हा वेगळी. मार्च २०१६ च्या समझोत्यात युरोपने सहा अब्ज युरोची तयारी दाखवली, माणसं अडवून धरण्यासाठी. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी तुर्कस्तानने जाहीर केलं की आता आम्ही अडवणार नाही, आणि हजारो माणसं ग्रीसच्या सीमेवर उभी राहिली. दार राखायला ज्याला पैसे देता, त्याच्या हातात दाराची कडीही देता. हा धडा लष्करी आहे. तो आपल्या अभ्यासक्रमात का नसावा?

आता तुमचा आक्षेप. "मणिपूर विसरलास का? अमली पदार्थ? हत्यारबंद टोळ्या?" विसरलो नाही. मे २०२३ नंतरचं मणिपूर पाहिलेले माझे मित्र आहेत. २०२३ मध्ये म्यानमार अफूच्या उत्पादनात अफगाणिस्तानच्याही पुढे गेला. गोळ्यांची पाकिटं मी स्वतः पकडली आहेत. सीमा उघडी टाका असं मी म्हणत नाही. काही पट्ट्यांत कुंपण लागेल, हेही मान्य. एकूण सीमा १,६४३ किलोमीटरची. पूर्वी दोन्हीकडच्या लोकांना १६ किलोमीटरपर्यंत मोकळी ये-जा होती, ती आता १० किलोमीटर आणि पासावर आली आहे. कुंपण आणि रस्त्यांसाठी सुमारे ३१,००० कोटींचा अंदाज वर्तमानपत्रांत आला. ठरवणाऱ्यांनी ठरवलं आहे, आम्ही ते राबवू.

पण मग राबवणाऱ्याला माहिती नको का? कुंपण वेळ मिळवून देतं. त्या वेळात काय करायचं, हे कळायला बाजार कळावा लागतो. शत्रूच्या तोफेचा पल्ला माहीत नसताना आपण मोर्चा लावतो का?

म्हणून तरुण अधिकाऱ्यांना आणि अभ्यास करणाऱ्या निवृत्तांना माझं सांगणं एवढंच. पुढचा निबंध लिहिताना चार गोष्टी शोधा. नदी ओलांडायचा आजचा भाव काय आणि मागच्या वर्षी काय होता? तो पैसा कितीजणांत वाटला जातो, आणि त्यात बंदूकवाले किती? आपल्या बंदोबस्तावर कुणाची रोजीरोटी उभी राहिली, वाहतूकदाराची, ठेकेदाराची, आणि कुणाची गेली? आणि ज्यांना भाव परवडला नाही, ते कुठे आहेत? यासाठी उपग्रह लागत नाही. चहाच्या दुकानात बसावं लागतं, आणि नंतर अहवालात खरं लिहावं लागतं. दुसरं जास्त अवघड आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पलीकडच्या चौक्या चिन सैनिकांनी घेतल्या, तेव्हा म्यानमारचे चाळीसेक शिपाई पळून आपल्याकडेच आले. ज्यांच्या भीतीने माणसं आली होती, तेही त्याच नदीतून आले. त्यांना आपण रीतसर नोंद करून, हेलिकॉप्टरने नेऊन परत पाठवलं. योग्यच केलं. गणवेशातल्या माणसाची नोंद आपल्याला जमते.

त्या पोराच्या बापाची नोंद माझ्याकडून राहिली. तो निबंध आता मी परत लिहायला घेतला आहे.

जय हिंद.