नोकरी सोडण्यापूर्वी



बी.एस्सी. (कृषी) झालेल्या एका वाचकाने पत्रातून विचारले आहे : कृषी सेवा केंद्रातील नोकरी सोडून जमिनीच्या मूल्यांकनाचा व्यवसाय धरू का? घरी दोन लहान मुले, दीड एकर कोरडवाहू.

तुमच्याजवळ विद्या आहे, यात शंका नाही. माती किती खोल, मुरूम कोठे लागतो, मे महिन्यात विहिरीला पाणी किती, संत्र्याचे झाड आणखी किती वर्षे फळेल, हे तुम्ही बांधावरून सांगाल. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे झाडांची किंमत ठरवताना जिल्हाधिकारी शेती-फळबागेतील अनुभवी माणसांची मदत घेऊ शकतात.

पण ते काम रस्ता-कालवा येईल तेव्हाचे. कंपनी कायद्याखालील २०१७ चे नियम जमीन-इमारतीच्या मूल्यांकनासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर वा नगररचनेची पदवी, नाहीतर मूल्यांकनातील पदव्युत्तर शिक्षण मागतात. वर अनुभव आणि परीक्षा. आपली पदवी तेथे एकटी पुरत नाही. म्हणून पगार आज सोडू नका.

सुटीच्या दिवशी एखाद्या जुन्या मूल्यांकनकर्त्याबरोबर हिंडा. खरेदीखते वाचायला शिका. भूसंपादनात बाजारभाव काढताना मागील तीन वर्षांची खते पाहतात. खतात किंमत कमी लिहिण्याची आपली खोड तेथे अंगाशी येते. सातबाराही नीट वाचा. नोंद नसल्यामुळे भर बहरातली बाग कागदावर पडीक ठरलेली मी पाहिली आहे. तुमच्या गावात अशा किती बागा आहेत, तेवढे मला कळवा.