पवनीचा वाघ दिसतो, मग पवनीचा नाग का दिसत नाही?

मागच्या वन्यजीव सप्ताहात नागपुरातल्या एका कलादालनात निसर्ग छायाचित्रे आणि शिल्पे यांचे एकत्र प्रदर्शन पाहिले. भिंतींवर वाघ, पक्षी, पानगळीचे जंगल. मधल्या चौथऱ्यांवर शिल्पे. त्यांत बुद्धाची तीन-चार मस्तके होती. धड नाही, स्थळ नाही, काळ नाही. खाली एकच शब्द : ‘शांतता’. याबद्दल विचारले तर उत्तर मिळाले, “कलेत कशाला वाद आणता?”

मित्रांनो, वाद आपण आणलेला नाही. इतिहास काढून घेतला की बुद्ध दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होतो, एवढेच आपले म्हणणे आहे.

एकच उदाहरण पाहा. बऱ्याच फोटोंखाली ‘उमरेड-पवनी-कऱ्हांडला’ लिहिले होते. २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या ‘जय’ वाघामुळे हे अभयारण्य देशभर गाजले. पण भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेकाठचे पवनी हे प्राचीन बौद्ध केंद्र आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर स्तूपाचे अवशेष मिळाले. तिथल्या एका स्तंभावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. खाली रिकामे आसन, वर त्याचा फणा. बुद्ध मनुष्यरूपात नाहीच. वादळी पावसात बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाची ही कथा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा स्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

निसर्ग आणि शिल्प यांची जोडी लावायचीच होती, तर ती याच मातीत तयार होती! १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांनी केलेल्या बौद्ध धम्माच्या प्रसाराचा दाखला दिला होता. त्यामुळे पवनीचा नाग हा आपल्यासाठी केवळ कोरीव दगड नाही.

कुणी म्हणेल, वाघाच्या फोटोत जात कुठून आली? फोटोत नाही, चौकटीबाहेर आहे. मोह वेचणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारा मजूर, रोजंदारीवरचा वनमजूर या जंगलात रोज असतात. प्रदर्शनातले जंगल मात्र माणसांविना ‘शुद्ध’ असते. भिंतीवरून माणूस गायब आणि चौथऱ्यावरून इतिहास गायब, ही एकाच नजरेची दोन कामे आहेत.

नुसता निषेध करून भागणार नाही. प्रत्येक शिल्पाखाली स्थळ, काळ आणि परंपरा मराठीत लिहा, अशी मागणी आयोजकांकडे लेखी करू. आणि स्वतः पवनीला जाऊ. टेकडी, नदी, जंगल आणि तिथे राबणारी माणसे यांचे फोटो त्यांच्या परवानगीने काढू, शेजारी मुचलिंदाचे चित्र ठेवू, खाली पूर्ण माहिती लिहू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपापल्या विहाराच्या भिंतीवर हे प्रदर्शन लावू. त्यासाठी कलादालनाचे भाडे लागत नाही.

जय भीम!