नर्मदेच्या वाटणीआधी नर्मदेचे मोजमाप

नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा 12 डिसेंबर 1979 रोजी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. प्रसिद्धीच्या तारखेपासून 45 वर्षे उलटल्यावर पाणीवाटपाच्या आदेशांचा केव्हाही फेरविचार करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. ती मुदत 12 डिसेंबर 2024 रोजी पूर्ण झाली. म्हणजे मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र आणि राजस्थान या चार राज्यांपैकी कोणालाही आता हे प्रकरण पुन्हा उघडा, असे म्हणता येते. या तरतुदीकडे इतर राज्यांचे फारसे लक्ष नव्हते. आमच्या मध्य प्रदेशात लक्ष होते, पण तिचा अर्थ भलताच लावला गेला.

जबलपूरहून भोपाळकडे निघाले की भेडाघाटानंतर थोड्याच वेळात शहपुरा लागते. निवृत्तीनंतर मी इथे राहतो. वाटाण्याच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि त्या रांगेत नर्मदेच्या पाण्याची चर्चा हटकून निघते. ‘2024 पर्यंत आपला वाटा वापरला नाही, तर तो गुजरातकडे जाणार,’ हे वाक्य मी इथल्या शेतकऱ्यांकडून ऐकले आहे. सेवेत असताना भोपाळच्या वल्लभ भवनातल्या बैठकांतही ऐकले आहे. निवाड्यात असे कुठेही लिहिलेले नाही. मुदत संपली म्हणून कोणाचा हक्क संपत नाही. फेरविचार होऊन नवा आदेश निघेपर्यंत जुनी वाटणीच चालू राहते. परंतु या समजुतीने गेली पंधरा-वीस वर्षे राज्याच्या जलनीतीवर राज्य केले, आणि ‘वापर दाखवण्या’ला पाणी शेतापर्यंत पोचवण्यापेक्षा अधिक महत्त्व आले.

मूळ वाटणी काय होती? चार वर्षांपैकी तीन वर्षे निश्चित मिळेल असे, म्हणजे 75 टक्के विश्वासार्हतेचे, नर्मदेचे पाणी 28 दशलक्ष एकर-फूट धरले गेले. महाराष्ट्रात रूढ असलेल्या मापाने हे सुमारे 1,220 टीएमसी होते. त्यातले 18.25 मध्य प्रदेशला, 9 गुजरातला, अर्धा राजस्थानला आणि पाव महाराष्ट्राला. राजस्थानच्या भूमीवरून नर्मदा वाहत नाही. त्याचा वाटा आणि महाराष्ट्राचा पाव ही राज्यांच्या 1974 च्या समझोत्याची देणगी आहे. 28 हा आकडाही त्याच समझोत्यात मान्य झाला. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या लवादापुढे मग उरलेल्या सव्वासत्तावीसची मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यातली विभागणी तेवढी राहिली. लोकांच्या स्मरणात मात्र 28 हा न्यायाने ठरलेला आकडा आहे. वास्तविक तो वाटाघाटींतून आलेला आकडा होता. 1948 पासूनच्या गरुडेश्वर येथील प्रत्यक्ष नोंदी आणि त्याआधीच्या काळासाठी पावसावरून मागे जाऊन काढलेले अंदाज, हा त्याचा पाया.

त्या पायाची परीक्षा 2017-18 मध्ये झाली. त्या जलवर्षात नर्मदेत 28 च्या जागी सुमारे 14.66 दशलक्ष एकर-फूट पाणी उपलब्ध झाले. तुटीच्या वर्षी काय करायचे हे निवाड्यात स्पष्ट आहे: मध्य प्रदेश 73, गुजरात 36, राजस्थान 2 आणि महाराष्ट्र 1 या प्रमाणात सर्वांनी कमी घ्यायचे. त्यानुसार गुजरातच्या वाट्याला 9 ऐवजी 4.71 आले. सरदार सरोवराचे दरवाजे बंद होऊन वर्षही झाले नव्हते, आणि मार्च 2018 च्या मध्यावर गुजरात सरकारला शेतीचे पाणी थांबवावे लागले. एका अवर्षणावरून नदीविषयी निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण 28 या आकड्याविषयीची शंका त्याहून जुनी आहे. नंतरच्या नोंदींनुसार उपलब्ध पाणी 23 दशलक्ष एकर-फुटांच्या आसपासच भरते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे झाला होता. ऑक्टोबर 2000 च्या निकालात न्यायालयाने लवादाचा आकडा राज्यांवर बंधनकारक आहे, असे सांगून तो प्रश्न बाजूला ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. 45 वर्षांच्या मुदतीने आता तो अडसर दूर केला आहे.

तरीही आकडा तपासा, असे कोणतेही राज्य म्हणणार नाही. कारण साधे आहे. 28 च्या जागी 23 धरले, तर त्याच प्रमाणात मध्य प्रदेशचे 18.25 घसरून 15 होतात आणि गुजरातचे 9 घसरून 7.4. कागदावरचा मोठा हक्क सर्वांनाच सोयीचा असतो. त्यावर प्रकल्प मंजूर होतात, निधी मिळतो, निवडणुकीत नकाशे दाखवता येतात. नदीत तेवढे पाणी आहे की नाही, हे ज्या वर्षी कळते त्या वर्षी बहुधा दुसरेच सरकार असते.

याच मोठ्या आकड्याच्या भरवशावर आमच्याकडे योजना उभ्या राहिल्या. 2014 मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवून क्षिप्रेत सोडले गेले. बरगीच्या उजव्या कालव्याचे पाणी कटनी, सतना, रीवाकडे नेण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे बारा किलोमीटरचा बोगदा खोदण्याचे काम 2008 मध्ये हाती घेतले गेले आणि वर्षानुवर्षे रखडले. (ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या नावाचे हे गाव, इथले भूस्तर त्याच्या ठगांइतकेच फसवे निघाले.) बघेलखंडाच्या कोरड्या तालुक्यांना पाणी हवे आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बरगी धरण 1990 मध्ये भरले तेव्हा जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली 162 गावे बाधित झाली. महसूल सेवेत त्यांच्या मोबदल्याच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. ज्या पाण्यासाठी ती गावे उठली, ते पाणी तीन दशकांनंतरही ठरलेल्या सगळ्या शेतांपर्यंत पोचले नसेल, तर नव्या उपसा योजनांची घाई कोणासाठी होती, हा प्रश्न आमच्या विधानसभेत विचारला जायला हवा होता.

नदी का आटते, याचे एक उत्तर माझ्या घराच्या आसपास आहे. जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या जमिनीत पूर्वी ‘हवेली’ पद्धत होती. शेताला उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचे, आणि आश्विनात ते सोडून वाफशावर गहू-हरभरा पेरायचा. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतांतून वाहून जाणार, म्हणून ते कधी सोडायचे हे एकट्याने ठरवता येत नसे. खालच्याला विचारावे लागे. हजारो शेतांतून तीन महिने मुरलेले पाणी पुढे हिवाळाभर ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळत राही. सोयाबीन आले, मग कूपनलिकांच्या जोरावर भात आला, आणि बांध फुटले. आज जमिनीखालून उपसलेले पाणी कोणत्याही राज्याच्या खात्यावर चढत नाही. निवाड्याचा हिशेब धरणांचा आणि कालव्यांचा आहे. त्या काळी ते पुरेसे होते. आज वाटणी करायची, तर भूजल मोजल्याशिवाय नदी मोजता येणार नाही.

मोजमापाआधीच वाटपाच्या वादात शिरले की काय होते, हे महाराष्ट्राच्या वाचकांना मी सांगायला नको. कृष्णेच्या बच्छावत लवादाने 31 मे 2000 नंतर फेरविचाराची मुभा दिली होती. 2004 मध्ये न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद नेमला गेला, 2010 मध्ये त्याचा निवाडा आला, 2013 मध्ये सुधारित निवाडा आला. 2014 मध्ये आंध्र प्रदेशचे विभाजन होऊन भांडणारी राज्ये तीनची चार झाली. निवाडा अजून राजपत्रात प्रसिद्ध झालेला नाही. मुभा मिळून पाव शतक झाले, आणि कृष्णाकाठचा शेतकरी जुन्याच आदेशावर चालला आहे.

शेजारधर्माची भाषा प्रत्येक राज्य आपण नदीच्या कोणत्या टप्प्यावर आहोत, ते पाहून बदलते. नर्मदेबाबत मध्य प्रदेश म्हणतो, नदीचा बहुतांश प्रवाह आणि खोरे आमचे. पेंचबाबतही तो वरच्या बाजूला आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या चौराई धरणात पाणी अडू लागले आणि तोतलाडोहची आवक घटली. पाऊसही रुसला, आणि जुलै 2019 मध्ये नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. तेव्हा खालच्या राज्याच्या जुन्या वापराचा हक्क महाराष्ट्राने मांडला. तोच महाराष्ट्र कृष्णेच्या खोऱ्यात वर आहे आणि तिथे तो वरच्या राज्याची भाषा बोलतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक वेगळीच गंमत दिसते. 1861 ते 1956 अशी पंचाण्णव वर्षे जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. पेंच आणि नर्मदा या दोन्हींच्या फायली तेव्हा एकाच सचिवालयात असत. भाषेच्या आधारे सीमा आखल्या गेल्या, ते योग्यच झाले. पाण्याचा विचार मात्र त्या आखणीत मागे राहिला.

देशाबाहेर पाहिले तर आपली अडचण अधिक उघडी पडते. योगायोग असा की गंगेच्या पाण्याविषयी बांगलादेशाशी झालेला करारही 12 डिसेंबरचाच, 1996 सालचा. त्याची तीस वर्षांची मुदत 2026 च्या डिसेंबरात संपते. त्यातले वाटपाचे कोष्टक 1949 ते 1988 या चाळीस वर्षांच्या सरासरी प्रवाहावर बेतलेले आहे. म्हणजे तिथेही आधार जुन्या आकड्यांचाच. परंतु त्या करारात एक गोष्ट आहे जी आपल्या चार राज्यांत नाही. दरवर्षी 1 जानेवारी ते 31 मे या काळात फराक्का आणि हार्डिंज पूल येथे दोन्ही देशांचे अभियंते एकत्र बसून रोजचा प्रवाह नोंदवतात. वाद आकड्याच्या अर्थावर होतो, आकड्यावर सहसा होत नाही. नर्मदेसाठी इंदूर येथे नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे, आणि ते वर्षाचा ताळेबंद मांडते हे खरे. पण वापराचा हिशेब मुख्यतः राज्यांनी कळवलेल्या माहितीवर उभा राहतो, आणि राज्ये काय कळवतात हे कळवण्याच्या जागी बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असते.

2017 मध्ये डोकलामच्या तणावाच्या काळात चीनने ब्रह्मपुत्रेची आकडेवारी दिली नाही, तेव्हा आपण ती मागितली, आणि ते योग्य होते. 2025 च्या जुलैत चीनने यारलुंग त्सांगपोवर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाला प्रारंभ केला. खालच्या देशाची चिंता आपण मांडतो आहोत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर आपण सिंधू करार स्थगित केला. त्या निर्णयामागची राष्ट्रीय भावना समजण्यासारखी आहे, आणि दहशतवादाचा हिशेब वेगळा. पण वरच्या देशाने प्रवाहाची माहिती दिली पाहिजे, हे तत्त्व बीजिंगपुढे ठामपणे मांडायचे, तर भोपाळ आणि गांधीनगर यांच्यात ते पाळले जाते, हे दाखवता आले पाहिजे.

म्हणून फेरविचाराचा अर्ज कोणी करण्यापूर्वी चारही राज्यांनी मिळून नर्मदेचे पाणी नव्याने मोजावे, अशी माझी सूचना आहे. प्राधिकरणाच्या देखरेखीखाली राज्यांच्या अभियंत्यांनी प्रमुख ठिकाणी एकत्र नोंदी घ्याव्यात. भूजलाचा उपसा त्यात धरावा. नदीसाठी म्हणून काही वाटा बाजूला ठेवावा. सरदार सरोवराखाली सोडल्या जाणाऱ्या 600 क्युसेकच्या प्रवाहावर भरूचची खाडी जगत नाही, हे तिथल्या मच्छीमारांना विचारले तर कळेल. एक जुलैला जलवर्ष सुरू होते, तेव्हापासून निदान पाच वर्षांच्या नोंदी हाती याव्यात, आणि त्यानंतर लवाद नेमायचा की समझोता करायचा, ते ठरवावे.

ही मागणी आमच्या राज्याकडून होण्याची शक्यता कमी आहे, 18.25 हा आकडा इथे अस्मितेचा झाला आहे. गुजरातकडून तर नाहीच. महाराष्ट्र ती करू शकतो. नंदुरबारच्या सीमेवरून सुमारे 54 किलोमीटर नर्मदा वाहते, अक्कलकुवा आणि धडगावकडची 33 गावे सरदार सरोवरात बुडाली, आणि वाट्याला आलेला पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे 10.9 टीएमसी, सातपुडा ओलांडून तापी खोऱ्यात आणण्याच्या योजनेत अडकला आहे. सरदार सरोवराच्या विजेतला 27 टक्के हिस्सा महाराष्ट्राचा आहे आणि तोही पाण्याच्या प्रमाणात कमी-जास्त होतो, म्हणजे नदीत खरोखर किती पाणी आहे हे कळण्यात त्याचे हित आहे. उद्या 28 चे 23 झाले, तरी महाराष्ट्राच्या पाण्याचे नुकसान जेमतेम 2 टीएमसीचे. ज्याचे कमी जाते त्याने आधी बोलावे, असे प्रशासनात आम्ही म्हणत असू. मुंबईच्या मंत्रालयातून इंदूरला तसे एक पत्र गेले, तर भोपाळला त्याचे उत्तर द्यावेच लागेल.